बारशाला स्वेटर देते म्हणून बोलून बसले, आणि टाके तर वाढतच चाललेत

पत्र थोडक्यात असं: कल्याणच्या एका वाचक ताईंनी लिहिलंय, वय ४६, सही 'गुंता' अशी केलीय. नणंदेच्या मुलीला दिवस गेलेत, फेब्रुवारीअखेरची तारीख आहे, बाळंतपण माहेरी जळगावला. भाऊबीजेला सगळे जेवायला जमलेले असताना ताईंनी बोलता बोलता जाहीर करून टाकलं की यावेळी बाळाचा स्वेटर मी विणणार आणि बारशाला घेऊन येणार. आजवर घरातला प्रत्येक बाळंतविडा मोठ्या जाऊबाईंनी केलाय, त्यांचा हात असा की शेजारपाजारच्या बायका नमुने मागायला येतात. ताईंनी मात्र आयुष्यात विणायची सुई धरलेली नव्हती. आता तीन आठवडे रोज रात्री व्हिडिओ लावून बसतात, पण ३० टाके घालून सुरू केलेल्या पट्टीचे ४७ झालेत, मधे भोकं आहेत, कडा फुगल्यात, आणि पट्टी सुरळीसारखी वळते म्हणून तिला इस्त्री केली तर ती चकचकीत होऊन पार मरगळली. त्यांचे प्रश्न: साडेचार हजारांचा ऑनलाइन कोर्स गुपचूप लावू का? की रेडीमेड स्वेटर आणून लेबल कापून देऊ? की माझे हातच तसे नाहीत हे मान्य करून मोकळी होऊ? जाऊबाईंना विचारायचं नाही, ही अट त्यांचीच.

प्रिय गुंता,

तुमचं पत्र वाचून मी आधी कॅलेंडर उघडलं. फेब्रुवारीच्या शेवटी बाळ येणार, बाराव्या दिवशी बारसं धरलं तर मार्चचा दुसरा आठवडा उजाडणार, आणि तो जळगावात उजाडणार. अहो, तोवर तिथे दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे गेलेला असतो, एप्रिल-मेचं तर बोलायलाच नको. नवजात बाळाच्या मापाचा लोकरीचा स्वेटर तुम्ही जीव काढून तीन महिन्यांत केलात तरी तो कपाटात जाणार आणि पुढची थंडी येईपर्यंत बाळ नऊ-दहा महिन्यांचं झालेलं असणार, तेव्हा तो त्याच्या कोपरापर्यंतसुद्धा चढणार नाही. म्हणजे ज्या डेडलाइनने तुमची झोप उडालीय ती बाळाची नाहीच, ती भाऊबीजेच्या पंगतीत तुम्हीच स्वतःला दिलेली आहे. बाळाला स्वेटर लागणार तो डिसेंबरात, तोही मोठ्या मापाचा, आणि त्याला आजपासून वर्षभर आहे. हे एकदा मनात पक्कं करा, मग बाकीचं बोलू.

आता तुमच्या हातांबद्दल. "माझे हातच तसे नाहीत" हे वाक्य मला या सदरात फार वेळा वाचायला मिळतं, पोळ्यांबद्दल, रांगोळीबद्दल, ड्रायव्हिंगबद्दल. पण तुम्ही जे लिहिलंय त्यातल्या एकेका बिघाडाला एकेक साधं कारण आहे आणि ते हातात नाहीये. तुम्ही तीन आठवडे व्हिडिओतल्या बाईच्या बोटांकडे बघताय आणि स्वतःच्या सुईवर काय तयार होतंय तिकडे बघतच नाही आहात. विणकाम येणं म्हणजे बोटं भराभर चालणं असं आपल्याला वाटतं, पण खरं काम डोळ्यांचं आहे, सुईवरचा टाका ओळखता आला पाहिजे, वेग नंतर येतो आणि नाही आला तरी काही अडत नाही.

तर तुमची पट्टी घ्या (इस्त्री केलेली नको, दुसरी), उजेडात बसा, आणि चाळिशीचा चष्मा लागला असेल तर तो लावून बसा, रात्री टीव्हीच्या उजेडात नको. सुलट टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, सपाट, गुळगुळीत. उलट टाक्याच्या गळ्याशी एक आडवी गाठ असते, मफलर गुंडाळल्यासारखी. आता पट्टी पालटून मागून बघा, जिथे व्ही होता तिथे गाठ दिसेल. म्हणजे सुलट आणि उलट असे दोन वेगळे टाके नाहीतच, एकच टाका पुढून आणि मागून बघितलेला. हे एकदा डोळ्याला दिसलं की "मी आता कुठल्या ओळीवर होते" हा प्रश्नच उरत नाही, टाकाच सांगतो. फोन आला, कुकरची शिट्टी झाली, उठून गेलात, परत आलात, बघितलंत, पुढे चालू.

आता ते ३० चे ४७. हे वरचे सतरा टाके आले कुठून? कडा फुगल्यात म्हणताय, तर त्यातले बरेचसे कडेलाच जन्मलेत. नवीन ओळ सुरू करताना तुमची लोकर सुईच्या वरून पलीकडे गेलेली असते, तिच्या ओढीने पहिला टाका वर ताणला जातो आणि त्याचे दोन पाय सुईवर दोन वेगळे टाके असल्यासारखे दिसतात, आणि तुम्ही बिचाऱ्या इमानदारीने दोन्ही विणता. झाला एक जास्त. उपाय एवढाच की ओळ पालटली की आधी लोकर खाली ओढायची, पहिला टाका नीट एकटा दिसतोय ना बघायचं, मग सुईच्या खालून लोकर मागे न्यायची आणि विणायला लागायचं. आणि मधली भोकं? ती सुलटवरून उलटवर जाताना पडतात. सुलट विणताना लोकर मागे असते, उलट विणताना पुढे, आणि ही ने-आण दोन सुयांच्या मधून करायची असते. तुम्ही ती सुईच्या वरून करता, सुईवर एक फुकटचा वेढा बसतो, पुढच्या ओळीला तुम्ही तोही टाका समजून विणता, तिथे भोकही पडतं आणि टाकाही वाढतो. (जाळीचे नमुने मुद्दाम असंच करून काढतात, जाऊबाईंच्या नमुन्यांतली निम्मी भोकं अशीच पाडलेली असतील, फक्त त्या बाजूला एक टाका कमीही करतात म्हणून मोजणी जुळते.)

पट्टी वळते ती तुमच्यामुळे नाही. एक ओळ सुलट एक ओळ उलट अशी साधी वीण वळतेच, कुणीही विणली तरी वळते, एका बाजूला सगळे व्ही आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या गाठी असल्या की दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही. म्हणून तर स्वेटरच्या खाली आणि मनगटाला दोन सुलट दोन उलटची बॉर्डर घालतात, किंवा सगळ्या ओळी सुलटच विणतात, या दोन्ही विणी सपाट बसतात. इस्त्रीचं म्हणाल तर आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच, गरम इस्त्री टेकली की ती मऊ पडून मरते आणि परत कधीच उभी राहत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीय की टाके इतके घट्ट होतात की सुई आत जात नाही, म्हणून जरा जाड सुया हव्यात असं वाटून १२ नंबरच्या आणल्या. इथे बऱ्याच जणी फसतात. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, १२ नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, ८ म्हणजे ४. आणि तुम्ही बघता ते व्हिडिओ अमेरिकन असतील तर तिथे बरोब्बर उलटं, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. म्हणून नंबर सोडा, मिलिमीटर वाचा, पाकिटावर किंवा सुईच्या टोकावर लिहिलेले असतात. तुम्हाला ४ मिलिमीटर हव्यात, म्हणजे दुकानात "आठ नंबर द्या" म्हणायचं. शक्यतो बांबूच्या किंवा लाकडी घ्या, अ‍ॅल्युमिनियमवरून टाके सटकतात, सरावल्यावर तोच गुण वाटतो पण आत्ता नको. घट्टपणाचं दुसरं कारण म्हणजे तुम्ही सुईच्या निमुळत्या टोकावर टाका ओढून घेत असणार, टाका सुईच्या जाड भागावर तयार झाला पाहिजे, टोकावर झाला तर टोकाएवढाच होतो, मग पुढच्या ओळीला भांडण. आणि टाके घालताना, म्हणजे अगदी सुरुवातीला, दोन्ही सुया एकत्र धरून त्यांच्यावर घाला आणि मग एक सुई काढून घ्या, पहिली ओळ लोण्यासारखी जाते.

लोकर कुठली? तुम्ही नेव्ही ब्लू आणि ती पण मखमली, केसाळ अशी आणलीत. दुकानात हात लावला की कुणालाही तीच घ्यावीशी वाटते, पण शिकायला तिच्यासारखी वाईट लोकर नाही, टाका दिसतच नाही, उसवायला गेलं तर केसात केस अडकतात. साधी, गुळगुळीत, मध्यम जाडीची, फिकट रंगाची घ्या, पिवळी, आकाशी, बदामी काहीही. सुती दोरा बाळाला चांगला म्हणून पुष्कळ जणी त्यानेच सुरुवात करतात, पण सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही, हात दुखतो आणि टाके कमी-जास्त दिसतात, तो नंतर. आत्ता एकच गुंडा आणा. स्वेटरसाठी आणाल तेव्हा मात्र लागतील तेवढे गुंडे एकदमच आणा आणि लेबलवरचा लॉट नंबर सगळ्यांवर एकच आहे ना बघा, नाहीतर एक बाही वेगळ्याच पिवळ्या रंगाची होते आणि ते उन्हात गेल्यावरच कळतं.

आता करायचं काय ते सांगते. २० टाके घाला आणि सगळ्या ओळी फक्त सुलट विणा. दर ओळीनंतर टाके मोजा, हो, प्रत्येक, कंटाळा आला तरी. २१ झाले तर तिथेच थांबा, ती एकच ओळ टाक्याटाक्याने मागे न्या, कुठे वाढला ते शोधा. वीस ओळी झाल्या की वीण बघा, आडव्या दहा वरंब्या दिसतील, दोन ओळींची एक वरंबी, म्हणजे पुढे ओळी मोजायला कागद-पेन्सिल नको. हे जमलं की त्याच वीस टाक्यांवर दोन सुलट दोन उलट, इथे लोकर पुढे-मागे नेण्याचा सराव होतो. रोज वीस मिनिटं बास. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखायला लागलं तर त्या दिवशी ठेवून द्या, ते सरावाने जात नाही, वाढतं.

टाका सुटला तर किंचाळू नका. अ‍ॅक्रिलिकचा टाका लगेच खालपर्यंत धावत नाही, आधी त्यात सेफ्टी पिन अडकवा, मग क्रोशाची सुई घेऊन खालच्या शिडीसारख्या दिसणाऱ्या आडव्या दोऱ्यांतून एकेक पायरी ओढत वर आणा. आणि दर दहाएक ओळींनी बोथट सुईत वेगळ्या रंगाचा दोरा ओवून तो सगळ्या टाक्यांतून आडवा ओवून ठेवा, काही बिघडलंच तर बिनधास्त उसवा, वीण त्या दोऱ्यापाशी थांबते. तुमच्या पत्रात "सगळं उसवावं लागलं" हे तीनदा आलंय. उसवलेली लोकर वाया जात नाही हो, तोच गुंडा परत.

व्हिडिओ एकच निवडा आणि तोच बघा. काही बायका लोकर डाव्या हातात धरतात काही उजव्या, दोन्ही बरोबरच, पण सोमवारी हिची सुलट आणि मंगळवारी तिची उलट असं केलं की वेढा कधी इकडून कधी तिकडून बसतो आणि टाके पिळवटलेले येतात. सुईवर टाक्याचे दोन पाय असतात, उजवा पाय सुईच्या पुढे असला की टाका नीट बसलाय, मागे असला तर उलटा बसलाय. हेही बघूनच कळतं.

कोर्सचं विचाराल तर आत्ता पैसे घालू नका. रेकॉर्ड केलेला कोर्स म्हणजे तुम्ही फुकट बघताय तेच नीट मांडलेलं, तुमचं अडतंय ते तुमच्या सुया कुणीतरी बघण्यापाशी, आणि ते रेकॉर्डिंगला दिसत नाही. लाइव्ह असेल, चार-पाच जणींचीच बॅच असेल, कॅमेऱ्यासमोर तुमचं काम दाखवता येत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि रेडीमेडचं लेबल कापायची आयडिया तर सोडूनच द्या. नैतिक वगैरे बाजू बाजूलाच राहू दे, जाऊबाई तो स्वेटर हातात घेतल्या घेतल्या आतून पालटून बघणार, विणणारी प्रत्येक बाई पहिलं तेच करते, आणि आतल्या शिवणीला मशीनचं ओव्हरलॉक दिसलं की संपलंच. बारशाच्या दिवशी, सगळ्यांसमोर.

म्हणजे शेवटी येतो तो जाऊबाईंचाच मुद्दा. तुम्ही गृहीत धरलंय की विचारायला गेलं तर त्यांना उकळ्या फुटतील. फुटतीलही, मी त्यांना ओळखत नाही, एखादा टोमणा खावा लागेल अशी तयारी ठेवा. पण तुम्ही लिहिलेलंच दुसऱ्या बाजूने बघा ना, घरातलं जे एक काम सगळे फक्त त्यांचं म्हणून ओळखतात ते तुम्ही भर पंगतीत, त्यांना न विचारता, "यावेळी मी" म्हणून उचललंत. त्या काही बोलल्या नाहीत, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त अंगठा टाकला, आणि तुम्हाला तो अंगठा कुत्सित वाटला. मला तर त्यात थोडं दुखावलेपण दिसतं.

जा त्यांच्याकडे, पण "मला शिकवा" म्हणून नको, त्याने दोघींवर ओझं येतं. ती ४७ टाक्यांची पट्टी घेऊन जा आणि एकच प्रश्न विचारा, "हे टाके का वाढतात हो?" नेमका प्रश्न असला की उत्तर द्यायला माणसाला बरं वाटतं. एक अडचण मात्र येणार. इतकी वर्षं विणलेल्या बाईला स्वतःला सांगता येत नाही ती काय करते, त्या म्हणतील "अगं असं, असं आणि असं" आणि झाली ओळ. म्हणून आधीच ठरवून घ्या, सुया तुमच्या हातातून काढून घ्यायच्या नाहीत. तुम्ही विणायचं आणि त्यांनी बघायचं, त्या तुमच्या हाताकडे बघताहेत हे महत्त्वाचं.

बारशाला काय न्यायचं? टोपडं. बाळाला टोपडं आपल्याकडे मे महिन्यातसुद्धा घालतात, त्यावर आजीमंडळींशी वाद घालायची माझी तयारी नाही, फक्त बाळ झोपलं की ते काढून ठेवा असं भाचीला जरूर सांगा, लहान बाळांच्या अंगातली जास्तीची उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. विणायला इतकं सोपं की तुम्हाला हसू येईल. आधी विणलेल्या नमुन्यावर मोजपट्टी ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. समजा २० बसले. नवजात बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर, वीण ताणते म्हणून टोपडं ३२ चं धरा, म्हणजे ६४ टाके. सगळ्या ओळी सुलट, १५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत सरळ विणत जायचं, टाके कमी करायचे नाहीत, बंद करायचे नाहीत. मग लोकर हातभर ठेवून कापायची, बोथट सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून काढायची, चुणी पडेपर्यंत ओढायची, गाठ मारायची आणि त्याच दोऱ्याने बाजू शिवायची. गोंडा नको, मणी नको, बटण नको, आणि आत एकही सुटा दोरा लोंबता ठेवू नका. पुढेमागे मोजे किंवा हातमोजे करायला घेतलेत तर जाळीचा नमुनाही नको, बाळाची बोटं भोकांत अडकतात.

स्वेटर पुढच्या डिसेंबरसाठी. तेव्हाच्या बाळाची छाती साधारण ४५ सेंटिमीटर, स्वेटर ५२ चा ठेवा, पाठीला २६ सेंटिमीटर म्हणजे याच हिशेबाने ५२ टाके, पुढे दोन अर्धे भाग, दोन बाह्या, सगळे चौकोन आणि सगळ्या ओळी सुलट. गळ्याचा आकार, खांद्याचा उतार यात पडू नका. पावसाळ्यात सुरू केलात तरी आरामात होईल.

जाता जाता बाकीच्या पत्रांना एकदमच उत्तर देते, कारण असाच मजकूर वेगवेगळ्या सह्यांनी येतोय. डावखुऱ्यांनी घाबरू नये, यात दोन्ही हातांना सारखंच काम असतं, पुष्कळ डावखुरे नेहमीच्या पद्धतीनेच विणतात, आणि तसं केलं तर छापील नमुने उलटे करून वाचावे लागत नाहीत. पुण्याच्या ज्या दादांनी "ऑफिसात कळलं तर काय म्हणतील" असं विचारलंय त्यांना एवढंच सांगते की पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात टाकिले नावाचं बेट आहे, तिथे विणायच्या सुया पुरुषांच्या हातात असतात, मुलगे लहानपणीच शिकतात, आणि तिथल्या या कलेला २००५ मध्ये युनेस्कोने मान दिलाय. ऑफिसातल्या लोकांचं काय ते तुम्ही बघा.

तर गुंता, ग्रुपवर टाकायला मेसेज देते, हवा तसा बदला: "बारशाला बाळाला माझ्या हातचं टोपडं. स्वेटर डिसेंबरात, जळगावच्या उन्हात त्याला शिजवायचं नाहीये. शिकतेय, वहिनी बघताहेत." फक्त हा मेसेज पाठवायच्या आधी जाऊबाईंकडे जाऊन या. शेवटचे दोन शब्द त्यांनी ग्रुपवर पहिल्यांदा वाचता कामा नयेत.